महादेवांनी उलथलेला हंडा

"तुम्ही विश्वास ठेवणार नाही. माझ्यावर कोणीच ठेवत नाही. पण आज भवानीपूरच्या अन्नपूर्णेच्या देवळात खुद्द महादेवांनी खिचडीचा हंडा उलथला!"

"काय सांगताय काका!" शंतनु म्हणाला.

"अरे, देवी पळी घेऊन बसलेली आणि समोर हे महादेव वाडगा पसरून उभे. वर्षभर उभे! त्यात आज अन्नपूर्णापूजा, भुकेने धीर सुटला! घरोघरचे नवरे काय वेगळं करतात?"

शंतनु आणि अनुजा बदली होऊन नुकतेच आमच्या वरच्या मजल्यावर आलेले. माझ्या बायकोने, रजनीने, त्यांना प्रसादाला बोलावलं होतं. त्या देवळात भोगाची, म्हणजे नैवेद्याची, खिचडी कित्येक वर्षं तिच्याच हातची. देवीला दाखवेपर्यंत ती चाखायची नाही, सगळा कारभार अंदाजाचा. आणि हल्ली रजनी विसरते. गॅस चालू राहतो, दार उघडं राहतं. पुजाऱ्यांच्या बायकोने, बुलूदीने, यंदा चारचौघींत विचारलं होतं, "बौदी, आता राहू द्या ना?" बौदी म्हणजे बंगालीत वहिनी. रजनी म्हणाली होती, "यंदा चुकलं तर पुन्हा पळीला हात लावणार नाही."

हे पाहुण्यांना कशाला सांगायचं? मी पुन्हा महादेवांच्या गोष्टीकडे वळलो.

"मग काय झालं?" अनुजाने विचारलं.

"मग काय! हात लांबला, हा एवढा, थेट स्वयंपाकघरापर्यंत. हंडा आडवा! खिचडी पार मोरीत. मी तिथेच बटाटे सोलत होतो, म्हणून दिसलं. नशीब, नैवेद्याला वेळ होता. हिने दुसरा हंडा चढवला. काय झाली म्हणता! बुलूदीने बोटं चाटली. म्हणाली, पुढच्या वर्षीही बौदीच."

शंतनु हसत होता. रजनी त्याला वाढता वाढता थांबली.

"हंडा महादेवांनी उलथला ना? मग फोड तुमच्या हाताला कसे आले?"

मी हात पंच्याखाली घेतला.

"मीठ दोनदा पडलं होतं माझ्याकडून. होय ना?"

"छे! तू पण ना..."

"दुसऱ्या खेपेला मिठाची बरणी मांडीवर घेऊन बसलात. एकदा मीठ पडल्यावर मागूनही देईनात. तेव्हाच कळलं मला." तिने खिचडीवर तूप सोडलं आणि पळी अनुजाच्या हातात दिली. "पुढच्या वर्षी तू ये गं. मी बटाटे सोलीन यांच्याबरोबर."