पडद्याचा उशीर

ब्रेकचं पेडल तळाला टेकलं, तेव्हा पडद्यावरची गाडी आडव्या ट्रकच्या पोटात शिरून बसलेली होती.

"बघ," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज जवळजवळ आनंदी होता. "मी दाबला होता. टीव्हीच उशिरा दाखवतो."

दुकानातल्या इतर सगळ्या टीव्हींवर एकाच तळ्यातले मासे पोहत होते. या एका कोपऱ्यात मात्र खुर्ची होती, स्टिअरिंग होतं, पायाशी पेडलं होती, आणि समोर भिंतभर टीव्ही. त्याच्या शेजारी मॉनिटर म्हणजे हत्तीशेजारी बांधलेलं शेळीचं पिल्लू.

"काका बरोबर बोलतायत, ताई," दुकानदार म्हणाला. बोलताना तो टीव्हीच्या कडेवरून फडकं फिरवत होता. "हा म्हणजे नटूनथटून येणारा पाहुणा. चित्र आलं की आधी त्याला रंग लावणार, कडा कोरणार, मग तुमच्यापुढे आणणार. मॉनिटर तसा नाही. हाक मारली की केस न विंचरता दारात हजर."

"ऐकलंस?" बाबांनी लेकीकडे पाहिलं.

लेकीने मान हलवली. पडदा तिच्या कॉम्प्युटरला हवा होता, गेम खेळणारी ती होती. पण मॉनिटरचा हट्ट धरून बसले होते बाबा. आईचं मत टीव्हीला होतं. "मॉनिटर आणलास तर कोपऱ्यात तुझी नुसती पाठ दिसेल मला," ती म्हणाली होती. "टीव्ही असला तर निदान माणसांत बसशील."

बाबा बस चालवायचे. डेपोत त्यांना 'लोणी' म्हणत. त्यांनी ब्रेक लावला तर उभ्या माणसाच्या हातातल्या पेल्यातलं पाणीसुद्धा हिंदकळायचं नाही, म्हणून. नवे ड्रायव्हर त्यांच्या हाताखाली शिकायला येत. शिकवताना बाबांचा एक डोळा कायम पोरांच्या पायांवर असे. "तोंड थापा मारतं," ते म्हणत, "पाय मारत नाही."

गेल्या वर्षी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. मग हळूहळू हात परत आला, जीभ सुटली, उजवा पायही चालू लागला. सोमवारी डेपोत चाचणी होती. तीत पास झाले की माणसांनी भरलेली बस पुन्हा त्यांच्या हाती.

सराव व्हावा म्हणून लेकीनेच घरच्या जुन्या टीव्हीला असंच स्टिअरिंग आणि पेडलं जोडून दिली, आणि तिथेच घोडं अडलं. ब्रेक दर वेळी उशिरा लागे. बाबांनी दोष टीव्हीला दिला. तिने चौकशी केली, तर टीव्ही खरोखरच उशीर करतात असं निघालं आणि तिच्या जिवात जीव आला. माणसाचं मन मोठं वकील असतं. अशिलाने तोंड उघडायच्या आत ते पुढची तारीख मागून मोकळं होतं.

"फरक कितीसा असतो?" तिने दुकानदाराला विचारलं.

"पापणी लवायला वेळ लागतो ना, त्याहून कमी. पण खेळणाऱ्याला कळतो."

तेवढाच? हा प्रश्न तिने गिळला.

"लावा मॉनिटर," बाबा म्हणाले. त्यांनी तळवे पँटला पुसले.

रस्ता डोंगरातून वर चढू लागला. ट्रक कुठल्या वळणावर आडवा येईल, हे गेम दर वेळी बदलत असे. पाठ करून भागत नव्हतं. एक वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याला ट्रकचे लाल दिवे दिसले आणि लेकीची नजर खाली, बाबांच्या बुटाकडे गेली. बूट अजून वेगाच्या पेडलवर होता. तिने श्वास घेतला. तो सोडला, तेव्हा बूट उचलला गेला.

धाड.

"खुर्ची मागे आहे," बाबा म्हणाले.

दुकानदाराने खुर्ची पुढे सरकवून दिली. लेकीने मनातल्या मनात देवाला साकडं घातलं: आजच्यापुरतं, एकदाच. देव ऐकतो, पण ब्रेक माणसालाच लावावा लागतो. ट्रक आला. बूट आला. या क्रमानेच आले दोघे, आणि मध्ये बरीच जागा होती.

धाड.

या वेळी बाबांनी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. दुकानदार आधीच स्वच्छ असलेली काच पुन्हा पुसू लागला.

"उठा बाबा, मी बघते," ती म्हणाली. "यात काहीतरी गडबड आहे."

ती बसली. ट्रक आला, आणि तिचा पाय आपसूक पेडलवर गेला. तिथे तिने तो धरून ठेवला, पेडलला जेमतेम टेकलेला. दात आवळून तिने ट्रकला मोठा होऊ दिलं, आणि मग दाबलं.

धाड.

"हाही तसाच आहे," ती पडद्याकडेच बघत म्हणाली. "मलाही नाही थांबवता आली. यंत्रातच दोष आहे."

"ताई, पण हा तर..." दुकानदार म्हणाला. तिने वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने बाकीचं वाक्य फडक्यात गुंडाळून ठेवलं.

बाबा पडद्याकडे बघत नव्हते. ते खाली बघत होते. तिच्या हे उशिरा लक्षात आलं. फुटलेली बशी लपवावी तसा तिने पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

"वेळेवर आला होता," बाबा हळूच म्हणाले.

"काय?"

"पाय. वेळेवर आला होता. नुसता लटकून राहिला." त्यांनी खुर्चीखाली नजर टाकली. "चांगला पाय आहे तुझा. लोण्यासारखा."

बाबांनी स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दमून घरी आलेल्या जनावराला थोपटावं तसं दोनदा थोपटलं. मग ते दुकानदाराकडे वळले.

"तो टीव्ही द्या."

"टीव्ही? काका, उशिरा दाखवतो म्हणालो ना मी. गेम मोड लावला तर कमी होईल, पण तरी..."

"दाखवू दे. घरात चालतं तेवढं."

"बाबा, मॉनिटर घेऊ या ना," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणत होतात."

"तुझ्या आईला तुझी पाठ बघत बसायची नाहीये. आणि आता मलाही बसायला जागा हवी."

दुकानदाराने एकदा दोघांकडे पाहिलं. मग तो नेहमीच्या आवाजात म्हणाला, "हा भिंतीवर लावायला माझा माणूस येईल. सोमवारी सकाळी पाठवू का? कुणी असेल घरी?"

"सोमवारी नको," ती घाईने म्हणाली. "सोमवारी आम्हाला..."

"मी असेन," बाबा म्हणाले. "बसने येणार असेल, तर त्याला शेवटच्या थांब्याच्या आधीच्या थांब्यावर उतरायला सांगा. आणि दाराशी आधी येऊन उभं राहायची घाई नको म्हणावं. हल्लीचे ड्रायव्हर ब्रेक फार जोरात लावतात."