चारशे बारा हिरव्या खुणा

शाळेला सुट्टी आणि घराची किल्ली आईच्या पर्समध्ये, म्हणून मी मावशीच्या ऑफिसात. मावशी सलाईनच्या पंपाचं सॉफ्टवेअर तपासते. त्यासाठी छोट्या छोट्या चाचण्या लिहिते: उत्तर बरोबर आलं की स्क्रीनवर हिरवी खूण, चुकलं की लाल. आज चारशे बारापैकी चारशे बारा हिरव्या! तीन वाजता मावशीच्या सहीने ते सॉफ्टवेअर पहिल्यांदाच दवाखान्यांत जाणार होतं.

"टकळे, हवं ते कर, फक्त बोलू नकोस," मावशीने बजावलं.

मग मी तिच्या स्क्रीनवरच्या चाचण्या वाचायला लागले. कोडिंगमध्ये मी वर्गात पहिली आहे, उगाच नाही. प्रत्येक चाचणीच्या शेवटी एकच फंक्शन, म्हणजे नाव देऊन ठेवलेली आज्ञा होती, 'चेक'.

"मावशी, चेक केलं, ठीक. पण चुकलेलं निघालं तर?"

"चाचणी नापास. नावच आहे ना तसं."

"नावात नापास कुठंय? आमच्या बाई पण वह्या चेक करतात. नुसती नजर फिरवतात!"

शेजारच्या टेबलावरचे चष्मेवाले काका फिस्सकन हसले. "घ्या, आता ही शिकवणार आपल्याला."

झालं! मला चेव चढला. मी एक चाचणी लिहिली: दोन अधिक दोन बरोबर पाच, चेक. चालवली.

हिरवी.

काकांचं हसू तोंडातच राहिलं. मावशीने माऊस माझ्या हातातून ओढला आणि 'चेक' उघडून पाहिलं. आत एकच ओळ. दोन आकडे ताडून बघायचे, 'हो' किंवा 'नाही' सांगायचं आणि गप्प बसायचं. ते 'नाही' कुणी ऐकतच नव्हतं!

"कुणी लिहिलंय हे?" काकांनी विचारलं.

"मीच. आठ महिन्यांपूर्वी." मावशीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "चुकलं तर चाचणी थांबवायची, ती ओळ पुढे वेगळी लिहायची होती. नाव वाचून वाटायचं ती आतच आहे; मीच विसरले गं."

"मग नावच बदल. 'जुळलं नाही तर नापास'."

"केवढं लांबलचक!" काका कुरकुरले.

"असू दे लांब," मावशी म्हणाली. तिने नाव बदललं, राहिलेली ओळ आत घातली आणि बटण दाबलं.

हिरवी, हिरवी, हिरवी, लाल. मग मध्येमध्ये आणखी लाल. माझी खोटी चाचणी सोडून एकोणीस!

पहिली लाल चाचणी लहान बाळांच्या औषधाची होती. तासाला अर्धा मिलिलिटर जायला हवं, पंप सोडत होता पाच.

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मावशीने फोन उचलला. "साहेब, आज काहीच जाणार नाही... हो, चूक माझीच."

फोन ठेवून तिने खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"टकळे, पुढची लाल कुठली? मोठ्याने वाच."

मी वाचायला लागले.