खंडोजीच्या घोड्याचा परवाना

येलहंक्याच्या हणमंतरावांच्या थापा कितीही लांबच्या असल्या तरी सुखरूप पोचत. खरं बोलले तेव्हा मात्र वाटेतच घात झाला.

त्यांचा मूळपुरुष खंडोजी शहाजीराजांच्या फौजेबरोबर बंगळुरात आला आणि जवळच येलहंक्यात स्थिरावला. त्याच्या घोड्याने म्हणे एका उडीत कावेरी ओलांडली आणि मधल्या बेटाला खूरसुद्धा लावला नाही. बेट परक्या राजाचं, आणि उतरायचा परवाना नव्हता. "घोड्याला अक्कल होती," हणमंतराव म्हणत. "आमच्या वैमानिकांना शिकवावी लागते." ऐकणारे माना डोलवत. भाचीचा नवरा सूर्यकांत तेवढा प्रत्येक वेळी विचारी, "मामा, मग पलीकडे उतरायचा नंबर त्याला कुणी दिला?"

परवाने आणि नंबर हेच हणमंतरावांचं काम. एका कॉफीमळेवाल्याच्या खासगी विमानाचे कागद ते सांभाळत. विमान लहान, दोन पंख्यांचं. पण देशाची हद्द ओलांडायची म्हटली की लहान-मोठं सारखंच. कस्टमवाले बसतात तिथूनच निघायचं, पलीकडच्या देशाने परवानगीचा नंबर दिल्याशिवाय चाक उचलायचं नाही, आणि दिवस बुडायच्या आत उतरायचं. सिलोनात तेव्हा लढाई पेटलेली होती. अंधारात आलेल्या अनोळखी विमानावर आधी तोफ डागत, नाव मागाहून विचारत.

त्या दिवशी विमानात भाची संध्या होती. सूर्यकांत यंत्रं बसवायला कोलंबोला गेला आणि तिथेच छाती धरून कोसळला. भेट व्हायची तर आजच या, असा डॉक्टरांचा निरोप होता. रोजच्या विमानात जागा नव्हती, म्हणून मळेवाल्याने आपलं विमान दिलं. यशोवर्धन, पुण्याहून नुकताच आलेला वैमानिक, सकाळीच संध्याला घेऊन तिरुचिरापल्लीला उतरला, कस्टमचा शिक्का मारून घेतला आणि नंबरची वाट बघत बसला.

दुपारी कोलंबोहून नंबर आला. हणमंतरावांनी तिरुचिरापल्लीला फोन लावला. यशोवर्धनने नंबर उतरवून घेतला, परत म्हणून दाखवला.

"आणि काका, तिकडचं हवामान?"

"सरी," हणमंतराव म्हणाले, आणि लाइन तुटली.

मग त्यांनी कॉफी मागवली, खुर्चीत पाय वर घेतले आणि शेजारच्या टेबलावरच्या गुंडोला घोड्याची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. मनात मात्र विमान समुद्रावरून चाललेलं दिसत होतं. उन्हं खिडकीतून सरकून भिंतीवर गेली, तेव्हा फोन वाजला.

"काका, थांबल्या का?" यशोवर्धन विचारत होता.

"कोण थांबल्या? तू कुठून बोलतोस?"

"तिरुचिरापल्लीहून. सरी थांबल्या का तिकडच्या? इथला हवामानाचा कागद आभाळ स्वच्छ म्हणतो, पण तुम्ही कोलंबोशी आत्ताच बोलला होतात. म्हणून थांबलो."

हणमंतरावांनी पाय खाली घेतले. "अरे, सरी म्हणजे ठीक. बरं आहे. उड."

"सरी म्हणजे पावसाच्या ना, काका?"

"पुण्यात," हणमंतराव म्हणाले. "इथे तीनशे वर्षं कानडी शेजार आहे रे बाबा. इथे सरी म्हणजे ठीक."

आता उडालं तर उतरेपर्यंत अंधार पडणार, हे दोघांनाही कळत होतं.

"जाऊ का तसाच?" यशोवर्धनने हळूच विचारलं. "समुद्रावर कोण बघतंय?"

"जे बघतायत त्यांच्याकडे तोफा आहेत."

"पण काका, तो माणूस..."

"तो माणूस माझा जावई आहे. आणि तुझ्या मागे बसणार ती माझी भाची. नाही. उजाडताच निघा. नंबर उद्याही चालतो, मी विचारून ठेवलंय. तिला फोन दे."

संध्या आली. "मामा, फार पाऊस होता का तिकडे?"

हो म्हणणं किती सोपं होतं. अशी थाप तर त्यांच्या जिभेवर कायम तयार उभी असे.

"नव्हता," ते म्हणाले. "मी सरी म्हणालो, त्याने पाऊस ऐकला. चूक माझ्या जिभेची आहे, संध्या."

तिने विचारलं, "आजची रात्र काढतील ते?"

"ठाऊक नाही गं."

फोन ठेवला आणि त्यांनी कोलंबोचं इस्पितळ मागितलं. बोलणं पेशंटला झेपणार नाही, नर्स म्हणाली. त्याने बोलू नये, नुसतं ऐकावं, अशी हणमंतरावांनी मोडक्या इंग्रजीत इतकी गयावया केली, की तिने रिसीव्हर नेऊन त्याच्या कानाशी धरला.

"सूर्यकांत, मी येलहंक्याचा मामा. तू बोलू नकोस. संध्या समुद्राच्या काठापर्यंत आली आहे, सकाळी तुझ्यापाशी असेल. तू नेहमी विचारतोस ना, घोड्याला नंबर कुणी दिला? तर ऐक. कावेरी झाली, तसा घोडा रामेश्वराला आला. उडी घ्यायला त्याने पुढचा पाय उचलला, तेवढ्यात दिवस बुडाला. पलीकडचा कारकून ओरडला, आता उजाडल्यावर. पण उचललेला पाय खाली टेकलास तर नंबर रद्द. मग काय करतो? राहिला उभा तीन पायांवर. वारा सुटला, लाटा पोटाला लागल्या, खंडोजी मानेला हात लावून म्हणत राहिला, टेकू नको रे. ऐकतोयस ना? पाय टेकायचा नाही."

तिकडून श्वास ऐकू येत होता. गुंडो या गोष्टीला नेहमी हसायचा. तो तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच विमान उडालं आणि दिल्या वेळेत उतरलं. दुपारी संध्याचा फोन आला.

"पोचले, मामा. डोळे उघडे होते त्यांचे. ओळखलं मला."

"काही बोलला?"

"विचारलं, घोडा उतरला का."

"उतरला म्हणून सांग."

"सांगितलं. मग त्यांनी पाय टेकला, मामा."

हणमंतरावांच्या तोंडात सवयीने तोच कालचा शब्द आला होता. तो त्यांनी गिळला आणि रिसीव्हर कानाशी तसाच धरून बसले.