वेस बंद असताना

जपानमधल्या इचिकावातल्या आपल्या खोलीत अपूर्वा मध्ययुगीन प्लेगचं गणिती मॉडेल बनवत होती. साथ आली की गाव वेस बंद करतं आणि बाहेर पडेल त्याला परत घेत नाही. बाहेर पडणाऱ्यांचं प्रमाण तिने शून्य धरलं होतं. आत धान्य आहे, भिंत आहे. कोण शहाणा बाहेर जाईल?

मग २०२०च्या जूनमध्ये पुण्याहून तिच्या भावाचा, धीरजचा, फोन आला. बाबांना ऑक्सिजन लावला होता. जपानने तेव्हा परदेशी लोकांसाठी दार लावून घेतलं होतं. व्हिसा असला तरी एकदा गेलेल्याला परत येता येत नव्हतं. ती गेली तर पीएचडीचं शेवटचं वर्ष लटकणार होतं.

"तू तिथेच थांब," धीरज म्हणाला. "इथे आलीस तरी बाबांना काचेतूनसुद्धा दाखवणार नाहीत."

"काचेच्या अलीकडे तरी असेन ना!"

फोन ठेवून तिने मॉडेलमधला ते शून्य खोडलं आणि खास विमानाचं तिकीट शोधायला बसली.

निघायच्या दिवशी शेजारच्या जयंतीकाकू दशम्या घेऊन दाराशी आल्या.

"जाते, काकू."

"अगं, जाते काय म्हणतेस! येते म्हणावं."

अपूर्वाने बॅग उचलून दाराबाहेर ठेवली.

"खोटं कसं बोलू, काकू?"

काकूंनी दशम्यांचा डबा तिच्या हातात कोंबला. "बरं बाई, नको बोलूस. डबा माझा आहे, तेवढा परत आणून दे."