मोज्यातली महालक्ष्मी

सागवानावर माणसाचा जीव जडावा, पण किती, याला काही सुमार असतो. रुपराव बोरकुट्यांना तो नव्हता. एकतीस वर्षं नागपूरच्या लकडगंजातल्या एका आरागिरणीत त्यांनी दुसऱ्यांच्या घरांसाठी लाकूड कापलं, त्यात डाव्या पायाची करंगळी गमावली, आणि स्वतः मात्र सक्करदऱ्यात शेणाने सारवलेल्या जमिनीवर झोपले. चौऱ्याहत्तर साली निवृत्त होताना मालकाने विचारलं, "बोला रुपराव, घड्याळ देऊ का शाल?" रुपराव म्हणाले, "फळ्या द्या." आलापल्लीच्या त्या सागवानी फळ्यांवर त्यांनी स्वतः रंधा मारला, मधल्या खोलीची जमीन केली, आणि बोरकुट्यांच्या घरातलं सुख संपलं.

जमिनीला पाणी लावायचं नाही. दर शनिवारी जवसाच्या तेलाचा हात द्यायचा आणि जुन्या धोतराच्या बोळ्याने घासायची. त्यांच्या बायकोची, सुभद्राबाईंची, जवसाची चटणी बंद झाली, कारण घरातला सगळा जवस आता जमीन खात होती. अनवाणी चालायचं नाही, पायाचा घाम लागतो. म्हणून दाराशी मोज्यांची टोपली आली. खाटेच्या चारही पायांना मोजे चढले. दूधवाला मोजे घालून रतीब घालू लागला. शेजारच्या मांजरीलाही चार मोजे शिवून झाले, तेव्हा मांजरीने आळीच सोडली. मे महिन्यात नागपूरकरांना अंगावरचे कपडेही नकोसे होतात, आणि बोरकुट्यांकडे आलेला पाहुणा लोकरीचे मोजे घालून घाम गाळत पोहे खाई.

सुभद्राबाईंनी हे सगळं सोसलं. पण भाद्रपद आला. महालक्ष्म्या घरी आणताना दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढायची आणि देवीचा मुखवटा घेऊन त्यांवरून चालायचं, ही त्यांच्या सासूपासूनची रीत.

"कुंकू लाकडात मुरते," रुपराव म्हणाले.

"मंग रांगोळी काढू का?"

"रांगोळी म्हणजे दगडाचं पीठ. चरे पडतात."

"मंग देवी येईन कशी?"

"येऊ दे न! मी काहून अडवून राहिलो? मोजे घालून येऊ दे."

सुभद्राबाई तिथेच रडल्या. पावलांशिवाय आणलेली देवी वर्षभर उंबऱ्याबाहेरच थांबेल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. शेवटी शेजारच्या सिंधूताईंनी तोडगा काढला: उंबऱ्यापर्यंत पावलं, पुढे मोजे. रुपरावांनाही आतून वाईट वाटलंच. म्हणून त्या दिवशी, शनिवार नसतानाही, देवीच्या मानासाठी त्यांनी जमिनीला तेलाचा एक जास्तीचा हात दिला.

संध्याकाळी सुभद्राबाई मुखवटा छातीशी धरून, मोजे चढवून आत शिरल्या. रुपराव दाराबाहेर अनवाणी उभे होते आणि त्यांच्या पुढ्यात उंबऱ्यापर्यंतची पावलं काढून उरलेल्या कुंकवाच्या पाण्याची परात होती. सिंधूताईंनी आतून थाळी वाजवली.

"कोण आलं वं?"

"महालक्ष्मी आली."

"कशाच्या पावलानं आली?"

उत्तर दरवर्षीचं ठरलेलं: सोन्याच्या पावलानं. पण देवीसमोर सुभद्राबाईंना खोटं बोलवेना.

"मोज्याच्या पावलानं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा पाय सटकला.

तेल वाळलंच नव्हतं. सुभद्राबाई मुखवट्यासकट देवघराच्या दिशेने घसरत निघाल्या. रुपरावांना त्या क्षणी ना जमीन आठवली ना मोजे. दोन्ही पाय परातीत पडले, तरी ते तसेच आत धावले आणि भिंतीवर आपटण्याआधी त्यांनी बायकोला कवेत धरलं.

सागवानावर दारापासून देवघरापर्यंत लालभडक पावलं उमटली होती. उजवं पाच बोटांचं, डावं चार. सिंधूताई वस्ताद बाई. त्यांनी थाळी पुन्हा वाजवली.

"आता सांग, कशाच्या पावलानं आली वं?"

"नऊ बोटाच्या पावलानं," सुभद्राबाई म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं आणि हसू आवरत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं आणि रुपराव पॉलिश कागद घेऊन गुडघ्यांवर बसले. कुंकू तेलाबरोबर लाकडात मुरलं होतं, घासून काढण्यावाचून उपाय नव्हता. तेवढ्यात सुभद्राबाई आल्या आणि त्यातल्या एका चार बोटांच्या पावलावर उभ्या राहिल्या, अनवाणी.

"सरक वं."

"नाही सरकत. एकतीस वर्ष लोकाइचं लाकूड कापलं, त्याच्यात तुमचं बोट गेलं. आपल्या लाकडात बाकीचे नऊ तरी राहू द्या."

रुपरावांनी कागद बाजूला ठेवला, पायातले मोजे काढून टोपलीत टाकले आणि तेलाची वाटी जवळ ओढली.

"पाय उचल थोडा," ते म्हणाले, "त्या पावलाले तेल लावाचं राहिलं."