सोळा पायऱ्यांचा समुद्र

नायिका जिना उतरायला लागली तेव्हा पाण्याच्या वर सोळा पायऱ्या होत्या. ती खाली पोचून पदर सावरत बसली, तेव्हा नऊच उरल्या होत्या. मधे फक्त चहाची एक जाहिरात होऊन गेली होती.

रूहीने मोबाइलवर तो भाग पुन्हा लावला आणि पायऱ्या पुन्हा मोजल्या. सोळा, मग नऊ. एक पायरी वीस सेंटिमीटरची धरली तर पाणी जवळजवळ दीड मीटर चढलं होतं. कोकणात भरतीला एवढा फरक पडतो, तेव्हा त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. पण लाटांचा आवाज येत होता आणि पाणी मात्र परातीत ओतल्यासारखं स्वस्थ होतं. दगडांवर एकही कालव चिकटलेलं दिसत नव्हतं. आणि जिन्याच्या भिंतीवर एकाखाली एक फिकट पट्टे होते, गाळाचे, पाणी सावकाश उतरत गेलं की राहतात तसे.

"मी कवापासनं सांगते, ह्यो समुद्र न्हाई," चांदबी म्हणाली. "ही घोड नदी हाय. डिंभ्याच्या धरनाचं पानी."

चांदबी रूहीची दादी, वडिलांची आई. रूहीचे आईवडील मुंब्र्याला असत. रूही शाळेपुरती म्हणून जुन्नरला दादीकडे राहिली, ती एम. एस्सी. होऊन मंचरच्या माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली तरी तिथेच होती. घरात दोघीच. साडेसातची मालिका दोघी मिळून बघत. त्यात दगडी जिन्याची ती जुनी बाग कोकणातल्या एका सरदाराची होती आणि तिच्या पायथ्याशी समुद्र होता.

"दादी, तुमची बाग धरणात गेली, असं तूच सांगतेस ना?"

"गेली म्हनून लोकांनी सांगितलं. मी कुठं बघायला गेले?"

"मग हीच ती, हे कशावरून?"

चांदबीने पडद्याकडे बोट केलं. नायिकेच्या मागे आभाळ काळं झालं होतं आणि आंब्याला फळ होतं. "भर पावसात फळ धरून बसनारा आंबा एकच. आखाड्या. आखाडात पिकायचा."

"शूटिंगवाल्यांनी प्लास्टिकचे लटकवले असतील."

"लटकवनारा मानूस घोसातलं एक फळ बारकं ठेवील व्हय? आनि त्या बेचक्यात बघ, फांद्या फुटतात तिथं. काळं काय दिसतं? माझा वरवंटा हाय त्यो."

रूहीने चित्र थांबवून बोटांनी मोठं केलं. बेचक्यात काळसर गोल काहीतरी होतं. वरवंट्याचं टोक असेल, नाहीतर फांदी तुटून राहिलेली गाठ. चित्र जेवढं मोठं करावं तेवढं ते पुसट होत होतं.

"जाऊन बघू या," रूही म्हणाली. "रविवारी."

असं ती झटकन म्हणाली याचं तिलाच नवल वाटलं, कारण गेले अठरा दिवस तिला एका साध्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नव्हतं. रत्नागिरीच्या एका प्रयोगशाळेत समुद्राच्या पाण्यावर दोन वर्षांचं काम तिला मिळालं होतं. पत्र मोबाइलमध्ये होतं. होय किंवा नाही, सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. हे काम तिला हवं होतं. इतकं स्वच्छ हवं होतं की त्यात तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण चांदबी मुंब्र्याला जायला तयार नव्हती आणि जुन्नरच्या घरात एकटी राहिली असती. तेव्हा रूहीने मनाशी एक युक्ती योजली होती. दोन महिन्यांचं ट्रेनिंग आहे म्हणून निघायचं आणि बाकीचं मागाहून फोनवर सांगायचं. ती युक्ती आठवली की तिला पत्र उघडवत नसे.

रविवारी सकाळी दोघी जुन्नरहून घोडेगावच्या एस. टी.त बसल्या. चांदबीने स्वच्छ धुतलेली पिशवी घेतली होती, भाकरी घेतली होती आणि साडी नेसली होती ती लग्नाला नेसायची.

"एवढी नटून कुठं, दादी?"

"वीस साल राहिले तिथं मी. दर उन्हाळ्यात तीन-तीन महिने. कशीबी जाऊ?"

चांदबीचं घर बागवानांचं. झाडाला मोहोर असतानाच बागेचं फळ विकत घ्यायचं आणि शेवटचं फळ उतरेपर्यंत बागेतच खोपट घालून राखण करायची, ही त्यांची धंद्याची रीत. डिंभ्याच्या वर नदीकाठी पेशवाईतल्या कुणा सरदाराने लावलेली ही बाग तिच्या नवऱ्याकडे, म्हणजे रूहीच्या दादांकडे, वर्षानुवर्षं होती. नदीला उतरायचा दगडी जिना तेव्हाही होता. त्यावर ती भांडी घाशी. मिरची-मीठ वाटून झालं की वरवंटा आखाड्याच्या बेचक्यात ठेवून देई, पोरं खेळायला नेऊ नयेत म्हणून.

"मग तिथंच कसा राहिला?" रूहीने विचारलं. घोडेगावला बदललेली गाडी शिनोली मागे टाकत होती.

"पानी येनार, पानी येनार, असं तीन साल ऐकत व्हतो. यायचं न्हाई. त्या साली आखाडात आलं. दुपारी एक ट्रॅक्टरवाला धावत आला, चला म्हनाला. निम्मा आखाड्या उतरवायचा व्हता. तुझे दादा म्हनाले, उद्या परत येऊ. दुसऱ्या दिवशी रस्ताच पान्याखाली." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "वरवंट्याचं काय न्हाई गं. निघताना सांगायचं राहिलं."

मालकाला सांगायचं राहिलं असेल, असं रूहीला वाटलं. तिने जास्त विचारलं नाही.

डिंभ्याला उतरल्यावर पुढची गाडी कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. "येईल तवा येईल," भजी तळणारा म्हणाला. "कुठं, मालिकेच्या समुद्रावर निघाला? मग जीप बघा. समद्या पावण्यांना तीच नेते."

म्हणजे घोडच ती. चांदबीने रूहीकडे नुसतं पाहिलं. जीपमध्ये पुढची जागा तिने स्वतःहून घेतली.

बागेच्या तोंडाशी एक पडका दगडी खांब होता आणि त्याला टेकून ठेवलेला जहाजाचा मोठा काळा नांगर. रूहीने तो टिचकी मारून पाहिला. फायबरचा होता. पलीकडे दोन नारळाची झाडं तारेने आंब्याला बांधलेली होती. एकाचं खोड उन्हापावसाने फुगून आतला थर्माकोल दिसत होता. त्यापुढे मात्र सगळं खरं होतं. कोरीव दगडी पाट, कोरडा हौद, शेवाळलेला चौथरा, आणि ओळीने आंबे. जिन्याच्या अकरा पायऱ्या पाण्याबाहेर होत्या. रूहीने त्या मोजल्या आणि मगच इकडेतिकडे पाहिलं.

पाण्याच्या कडेला पिंपरीहून आलेलं एक कुटुंब फोटो काढत होतं. त्यांतला गृहस्थ डोक्याला पंचा बांधलेल्या एका म्हाताऱ्याला विचारत होता, "पण समुद्र कुठंय?"

"त्याच्याच काठाला उभं हायसा, राव. चव घ्या, खारट लागला तर मला सांगा."

"टीव्हीवर तर पलीकडचा काठ दिसत नव्हता."

"पलीकडं आमच्या पाव्हण्यांचं भाताचं खाचर हाय. ते दिसू नये म्हणून धूर सोडायचे. खोकून खोकून म्हशी आटल्या त्यांच्या."

रूहीला हसू आलं. म्हाताऱ्याने वळून पाहिलं. तो कुंडलिक, बागेचा मालक. चांदबीकडे बघताना त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि मग एकेक करून मिटल्या.

"बागवानभाबी?"

"वळखलं व्हय? तू तर लई म्हातारा झालास, कुंडलिकभाऊ."

"आन तुमी लई तरण्या राहिलात जणू! बागवानभाऊ कुठंत?"

"त्यांना जाऊन सात साल झाली."

कुंडलिकने डोक्याचा पंचा सोडून हातात घेतला. मग म्हणाला, "खालच्या दोन रांगा गेल्या, भाबी. वरची बाग राहिली. निरोप धाडावा म्हटलं, तर तुमचा पत्ता कुणाला ठावा? जुन्नरात बागवान काय थोडे हायेत?"

"इथं पायऱ्या सारख्या कमीजास्त दिसतात, ते कसं?" रूहीला राहवलं नाही. "नायिका उतरते तेव्हा सोळा आणि खाली बसते तेव्हा नऊ."

कुंडलिक मोठ्याने हसला. "तुमी पयल्या, ज्यांनी हे धरलं! गेल्या साली आले ते लोक. जिना उतरायचं तेवढं काम जेठात केलं आन ती बाई पडली आजारी. परत आली आखाडात. तवर धरणात पाणी आलेलं. त्यो डायरेक्टर मला म्हणतो, काका, पाणी जरा खाली घ्या ना."

रूहीने वाकून ओंजळीत पाणी घेतलं आणि चाखलं. गोडं. तिला माहीतच होतं, तरी चाखल्याशिवाय ते खरं झालं नसतं.

आखाड्या चौथऱ्यामागे होता, वरच्या रांगेत शेवटचा. त्याला फळ होतं. बेताचं, पण होतं. चांदबी दहा पावलांवर थांबली. पुढे जायची तिची तयारी होईना. "तू बघ आदी," ती म्हणाली.

बेचकं रूहीच्या डोक्याच्या वीतभर वर होतं. ती चौथऱ्याच्या कडेवर चढली आणि पावसाने ओलं झालेलं शेवाळ नखाने खरवडलं. खालून दगड निघाला. काळा, गुळगुळीत, बोटभर उंच टोक. बाकी सगळा वरवंटा झाडाने गिळला होता. साल चहूबाजूंनी ओठासारखी त्याच्यावर चढलेली. तिने तो हलवून पाहिला. हलणं शक्यच नव्हतं. तीस वर्षांत खोड किती जाड झालं असेल याचा हिशेब तिच्या मनात सुरू झाला आणि मधेच सुटला.

"आहे, दादी."

"टोकाला टवका उडालेला हाय का? डावीकडं?"

रूहीने बोट फिरवलं. डावीकडे टवका होता.

"आहे."

तेव्हा चांदबी पुढे आली. तिने झाडाला हात लावला नाही, आधी नुसती वर बघत राहिली. फळं मोजत असावी. ओठ हलत होते.

"पाणी आलं त्या सालापासून तीन-चार साल ह्यानं फळच धरलं नाय," कुंडलिक म्हणाला. "तोडायचा म्हणत व्हतो. मग धरला आपसूक."

"रुसला व्हता," चांदबी म्हणाली.

मुळांशी पाणी साचलं की झाड काही वर्षं फळत नाही, हे रूहीच्या ओठावर आलं होतं. ते तिने सांगितलं नाही.

"आमच्या घरात रीत व्हती," चांदबी तिला म्हणाली. "शेवटचं फळ उतरलं, खोपट मोडलं, की निघताना झाडाला सांगायचं. मोठ्यानं. आमी निघालो, फुडल्या साली येतो. न सांगता जायचं न्हाई. तीन महिने त्याच्या सावलीला राहिलो, त्याचं खाल्लं, आन पाठ फिरवून निघून जायचं? तुझे दादा तर झाडागनिक सांगायचे. ट्रॅक्टरवाले हसायचे. त्या दिवशी ते फनसाखाली टोपल्या भरत व्हते, म्हनाले, आखाड्याला तू सांग. मी म्हटलं, उद्या येनारच की." ती थांबली. "त्यांनी कितीदा तरी विचारलं मला, सांगितलं व्हतंस ना? मी हो म्हनायची."

रूही चौथऱ्यावरून खाली उतरली. मोबाइल तिच्या कुर्त्याच्या खिशात होता आणि त्यात ते पत्र.

चांदबीने आता तळहात खोडावर ठेवला, उजवा, सबंध. लाजली थोडी, कुंडलिक तिथेच उभा होता. त्याने मान वळवून पाण्याकडे केली.

"आमी निघालो रं," ती मोठ्याने म्हणाली. "त्या साली सांगायचं राहिलं, ते आता सांगते. ते न्हाईत आता. माझंबी परत येनं व्हईल न व्हईल. तू फळत जा. आमची वाट बघू नको."

पानांवरून थेंब गळत होते. पिंपरीवाल्यांची जीप सुरू झाल्याचा आवाज आला. चांदबीने हात काढला, पदराला पुसला आणि तिचा चेहरा इतका मोकळा झाला की रूहीला तो क्षणभर ओळखीचा वाटेना.

"झालं. चल बाई, भाकरी खाऊ," ती म्हणाली. "कुंडलिकभाऊ, दोन फळं दे रं उतरवून. हिला दाखवते आखाड्या म्हंजे काय."

कुंडलिक काठी आणायला गेला. दोघी झाडाखाली राहिल्या. सोमवार उद्यावर आला होता. रूहीने एकदा पाण्याकडे पाहिलं, अकरा पायऱ्यांकडे, पलीकडच्या भाताच्या खाचराकडे, आणि मग दादीकडे. फोनवर हे किती सोपं झालं असतं.

"दादी, थांब. मला काही सांगायचंय."

"सांग की."

"मला रत्नागिरीला काम मिळालंय. समुद्राच्या पाण्यावर, दोन वर्षांचं. ट्रेनिंग म्हणून सांगणार होते तुला, ते खोटं होतं. मी जाणार आहे, दादी."