संतराम मिस्त्रीची माती

संतराम मिस्त्री जायला तयारच नव्हते. त्यांचं नाव नर्मदाबाईनं दिलं.

हट्ट्याच्या ख्रिस्ती मंडळीत तेव्हा सतरा घरं होती. दोन हजार एकचा मे महिना. रविवारची उपासना झाल्यावर भावसिंग पाळकांनी सांगितलं, की काठमांडूजवळ डोंगरावरच्या एका गावात प्रार्थनाघराच्या भिंती उभ्या राहिल्यात, पण वर स्लॅब टाकणारा कारागीर मिळेना. तिथले पाळक त्यांच्याबरोबर बायबल शाळेत शिकलेले. बारा दिवसांची सेवा, सहा माणसं पाहिजेत.

"आजवर बाहेरचे लोक आपल्याकडं आले," पाळक म्हणाले. "एकडाव आपण जाऊ."

नर्मदाबाई उठून उभी राहिली. "आमचे दोघांचे नाव लिवा."

घरी आल्यावर संतराम चिडले. "रेडिओवर रोज आयकते ना तू? तिथं बंडखोर आन् पोलिसांचं चालू हाय. या वयात डोंगर चढू व्हय मी?"

"देवानं हातात कसब दिलं ते काहून दिलं मग?"

ती बोलली एवढंच. पण तिच्या मनात दुसरंच होतं. दोन वर्षांमागं त्यांची धाकटी, प्रतिक्षा, काविळीनं गेली होती. तेव्हापासून मिस्त्री कामावर जायचे, भिंत उभी करायचे आणि घरी येऊन ओट्यावर मुक्यानं बसायचे. गाव सुटलं तर माणूस जरा मोकळा होईल, असं तिला वाटत होतं. थोरला वैजनाथ नको म्हणत होता. तिनं त्याचंही ऐकलं नाही.

नांदेडहून गाडी, मग गोरखपूर, सोनौलीला हद्द, पुढं दिवसभर बस. जिच्या घरी उतरले ती सानुमाया हिंदू होती, पण प्रार्थनाघर तिच्या शेजारीच होतं. ती मोडक्या हिंदीत बोलायची, संतराम आपल्या दखनी हिंदीत. कुणाला किती कळायचं देव जाणे, पण तिसऱ्या दिवशी नर्मदाबाईनं नवऱ्याला खळखळून हसताना पाहिलं. ती आडोशाला जाऊन रडली. आपण बराबर केलं, असं तिला वाटलं.

गुरुवारी स्लॅब टाकून झाला. अख्ख्या गावानं हातोहात घमेली दिली. शनिवारी सकाळी मात्र सानुमाया पदर तोंडात धरून अंगणात आली. काठमांडूच्या राजवाड्यात गोळीबार झाला होता. राजा, राणी, मुलं, सगळे गेले होते. दुकानं बंद झाली, बस बंद झाली. सोमवारी संचारबंदी लागली. गावातल्या बाप्यांनी राजासाठी डोकी भादरली. भावसिंग पाळक दिवसातून चारदा म्हणायचे, "दोन दिसात रस्ता सुटंल." कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

मंगळवारी सकाळी स्लॅबला पाणी मारून संतराम शिडी उतरले आणि शेवटच्या पायरीवरच बसले. अंगाला दरदरून घाम. डावा हात धरून म्हणाले, "छातीवर कुणी पाय दिल्यावानी होऊन राहिलं."

त्यांना खाटेवर घालून चौघांनी खांद्यावर घेतलं. दवाखाना नदीच्या पलीकडं होता आणि पुलावर शिपाई उभे होते. पाळकांनी हात जोडले. सानुमायाचा नवरा त्यांच्या भाषेत ओरडून सांगू लागला. एक शिपाई, वैजनाथच्याच वयाचा, खाटेकडं बघायचा आणि मान फिरवायचा. तीन वाजता संचारबंदीला ढील मिळणार होती. तोवर कुणाला सोडायचा हुकूम नव्हता.

पुलाजवळच्या झाडाखाली खाट ठेवली. नर्मदाबाईनं नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. दीडच्या सुमारास संतराम गेले.

ढील मिळाल्यावर पाळकांनी दुकानातून हट्ट्याच्या टेलिफोन बूथवर फोन लावला. वैजनाथला बोलावून आणलं. तो एकच बोलत होता, "माय, बाला घिऊन ये. कसं बी कर, पन घिऊन ये."

गाडी मिळत नव्हती. हद्द एका दिवसाच्या वाटेवर. संचारबंदी किती दिवस चालेल ते सांगता येत नव्हतं, आणि ऊन तर होतंच. पाळक म्हणाले, "बाई, तुमी म्हनाल तसं."

नर्मदाबाईनं नवऱ्याच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "हितंच द्या माती."

सानुमायानं आपल्या मक्याच्या शेताची कड दिली. तिच्या नवऱ्यानं आणि दिरानं खड्डा खणला. त्यांची भादरलेली डोकी पाहून नर्मदाबाईला वाटलं, हे आपल्याच घरचे.

नांदेडच्या स्टेशनवर वैजनाथ उभा होता. पाच माणसं उतरली. त्यानं आईची पिशवी उचलली आणि पुढं चालू लागला. घरी आल्यावर आईला म्हणाला, "त्यायला जायाचंच नव्हतं. नाव तू देलं."

तिचंही मन तेच म्हणत होतं.

त्या दिवसापासून वैजनाथनं तिला माय म्हणून हाक मारणं सोडलं. तिच्या हातचं जेवायचा, आजारी पडली तर वसमतला दवाखान्यात न्यायचा, पण हाक नाही. सांगायचं झालं तर भिंतीकडं बघून सांगायचा. अशी सहा वर्षं गेली.

नेपाळात लढाई थांबली, तशी एके दिवशी तो म्हणाला, "पुढच्या म्हयन्यात बाच्या मातीपाशी जायचंय. तिकीट काढलं."

सानुमाया आता थकली होती. तिनं नर्मदाबाईला मिठी मारली आणि सोडेचना. मग दोघांना शेताकडं घेऊन गेली. मक्याच्या शेताची कड नव्हतीच. आदल्या वर्षीच्या पावसात दरड खाली गेली होती. "यहीं था, दिदी," ती हवेत हात करून म्हणाली. "पहाड ले गया."

खाली दगड, झुडपं आणि खोल कुठंतरी नदी. वैजनाथ काठावर उभा राहिला. आईनं मागून त्याचा सदरा घट्ट धरला.

मग तो खाली बसला. "माय," तो म्हणाला, "बाला लई तकलीफ झाली का?"

नाही म्हणावं, झोपेतच गेले म्हणावं, असं तिच्या ओठावर आलं होतं.

"व्हय," ती म्हणाली. "लई झाली. तुला इचारत होते."

वैजनाथनं गुडघ्यात डोकं घातलं आणि लहान लेकरागत रडू लागला. नर्मदाबाई त्याच्या शेजारी बसली. सानुमाया थोडी मागं सरून उभी राहिली. दोन दिवस ते तिच्या घरी राहिले. निघताना वैजनाथनं तिथली मूठभर माती घ्यावी म्हणून रुमाल काढला, पण कुठली घ्यावी ते त्याला ठरवता येईना. रुमाल तसाच खिशात ठेवून तो आईचा हात धरून डोंगर उतरू लागला.